दहा दिवसांचा गृहत्याग

एकतीस वर्षं कचरू हिवराळ्यांनी बसस्थानकाच्या केबिनमध्ये बसून गाड्या सोडल्या. कुठली गाडी किती वाजता सुटली, हे त्यांच्या वहीत मिनिटाला बरोबर असायचं. सुटलेली गाडी परत कधी आली, हे लिहिण्याचं काम त्यांच्याकडं नव्हतं; ती वही दुसऱ्याची. निवृत्तीनंतर माईक गेला, केबिन गेली, पण ही सवय काही गेली नाही, आणि तिनंच शेवटी मुकुंदवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात नॉर्वे सरकारचं पत्र आणून सोडलं.

त्यांचा मुलगा प्रणय चौदा महिन्यांपूर्वी नॉर्वेतल्या एका गावी गेला, तो धम्मशिक्षक म्हणून. तिथं काही श्रीलंकेच्या कुटुंबांनी आणि आपल्याकडच्या कॉम्प्युटरवाल्यांनी मिळून एक विहार काढला होता. पोरांना वंदना शिकवणारा, लग्नं आणि नामकरणं लावणारा माणूस त्यांना हवा होता. प्रणय चितेगावच्या कंपनीत शिफ्ट करायचा आणि रविवारी बौद्धाचार्य म्हणून लग्नं लावायचा. आवाज बापाचा, पाठांतर चोख. त्यांनी अनुभवाचा दाखला मागितला. दाखला द्यायचा वस्तीतल्या विहाराच्या सचिवानं, आणि सचिव कोण, तर कचरू.

कचरूंनी तीन दिवस खपून दाखला लिहिला. त्यात एक वाक्य असं होतं, की ते त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला वाचून दाखवलं: 'दि. १२ मे रोजी त्यांनी घरदार व संसाराचा त्याग करून काषाय वस्त्र परिधान केले.' वाक्यात खोटं काही नव्हतं. पाच वर्षांपूर्वी प्रणय दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला बसला होता. आता श्रामणेर म्हणजे डोकं भादरायचं, चीवर नेसायचं, दहा दिवस भिक्षेवर राहायचं आणि अकराव्या दिवशी पँट घालून कामावर जायचं, हे वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. ते काय लिहायचं असतं? कचरूंनी गाडी सुटल्याची नोंद केली. परत आल्याची केली नाही.

प्रणयला परवाना मिळाला. संसार सोडलेला माणूस तिकडच्यांना चालणारच होता. अडचण आली ती त्याच्या बायकोनं, करुणानं, धम्मशिक्षकाची पत्नी म्हणून तिकडं राहण्याचा अर्ज केला तेव्हा. पत्र सभ्य होतं. आपलं लग्न २८ एप्रिलचं, आपल्या पतीनं १२ मे रोजी संसाराचा त्याग केला, परत गृहस्थ झाल्याची नोंद कुठंच नाही. तरी त्या तारखेनंतर आपण पती-पत्नी म्हणून नांदलात याचे पुरावे द्यावेत. लग्नानंतर चौदा दिवसांनी नवऱ्यानं संसार सोडला, असं सरकारी कागदावर वाचून करुणाला आधी हसू आलं होतं.

उत्तराची मुदत मंगळवारपर्यंत होती. म्हणून रविवारी दुपारी जेवणं उरकून घर बसलं. सिल्लोडहून मोनिका आली होती, प्रणयची थोरली बहीण. तिथं तिचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. नात्यातल्या कुणाचा कुठलाही अर्ज तिच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढं सरकत नाही. तिनं मांडीवर लॅपटॉप घेतला. कचरूंचा धाकटा भाऊ सांडू उंबऱ्यालगत भिंतीला टेकून बसला. चितेगावला त्यानंच प्रणयला चिकटवलं होतं, त्यामुळं पुतण्यावर बोलायचा हक्क आपला आहे असं त्याला वाटे.

मोनिकानं पत्र पुन्हा एकदा मराठीत सांगितलं. सांडू ऐकून घेऊन म्हणाला, "दादा, तुम्ही गाडी सोडली ती सोडलीच. परत आणलीच नाय."

कचरूंना ते लागलं. दाखल्यात चूक नाही, वाचणाऱ्याला आपली रीत ठाऊक नाही, त्याला आपण काय करणार, असं त्यांचं म्हणणं. मोनिकानं सोपा उपाय सुचवला: दुसरा दाखला द्या, शिबिर संपलं, प्रणय परत गृहस्थ झाला असा. कचरू तयार होईनात. एक तर सही केलेला कागद फिरवायचा नसतो. दुसरं, 'पुन्हा संसारात परतले' हे त्यांना कुणी घसरून पडल्यासारखं वाटत होतं. आणि तिसरं त्यांनी आवाज उतरवून सांगितलं. उद्या फारच संसारी दाखवला, तर तिकडचे म्हणतील, मग हा धम्माचा माणूस कसला? पोराच्याच परवान्यावर यायचं. साधू ठरवावा तर बायको जात नाही, नवरा ठरवावा तर नोकरी राहत नाही, असा हा पेच होता, आणि तो आपल्याच सुंदर अक्षरानं पडला आहे हे कचरूंना मनातून पुरतं कळत होतं.

"नाय बसत कागद तर नाय बसत," प्रणयची आई भामाबाई म्हणाल्या. त्या दाराशी शेंगा फोडत बसल्या होत्या. "दोन वर्षांचाच परवाना हाय त्याचा. संपला की येईलच की पोरगा."

भामाबाईंच्या या शहाणपणामागं एक हिशेब होता आणि तो त्यांनी एकट्या मोनिकाला फोनवर सांगून ठेवला होता. सून इथं आहे तोवर पोरगा इथं बांधलेला आहे. सून गेली की तिकडंच घर, तिकडंच मूल, आणि आपल्याला फोनच्या काचेत नातवंडाची टाळू बघायला मिळणार. करुणा वाईट नव्हती. सकाळी उठून भाकरी करून, रक्त तपासायच्या लॅबमध्ये नळ्यांवर नावं चिकटवायला जायची, संध्याकाळी येऊन सासूच्या गोळ्या मोजायची. अशी सून कोण सोडील? मायलेकींचं ठरलं होतं, की फारसे पुरावे सापडायचे नाहीत. मोनिका त्याच तयारीनं आली होती.

भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिच्या शेजारी बाबासाहेबांची, आणि दोघांच्या खाली, जरा बेतानं, प्रणयची. चीवर नेसलेला, भादरलेल्या डोक्याचा प्रणय, हातात भिक्षापात्र. श्रामणेरानं चालताना चार हात पुढची जमीन पाहायची असते, पण फोटोत प्रणयनं नजर वर उचललेली, आणि ओठांच्या कडेला अगदी थोडं हसू. आल्यागेल्याला भामाबाई सांगत, की बघा, माझ्या पोराला समोर धम्म दिसायलाय. फोटोच्या उजव्या कडेला एक हात आला होता, मनगटात दोन बांगड्या, बोटांत पळी. तो कुणाचा, असं कुणी विचारलंच तर त्या म्हणत, असंल कुणी उपासिका.

मोनिकानं फोटोंपासून सुरुवात केली. नवरा-बायको दोघंच असतील असे, लग्नानंतरचे. तिनं लॅपटॉपवरचे फोटो एकेक पुढं सारले. मावसभावाच्या लग्नातला, मध्ये भामाबाई. वेरूळला गेले तेव्हाचा, तिघांच्या हातात आइस्क्रीम, मध्ये भामाबाई. या शहरात नवरा-बायकोनं मकबऱ्यापुढं उभं राहून एक तरी फोटो काढायचा, अशी जुनी रीत आहे. तोही निघाला. मागं मकबरा, डावीकडं प्रणय, उजवीकडं करुणा, आणि दोघांच्या मधोमध, पदर नीट घेऊन, भामाबाई.

मोनिका आधी हसत होती. पंचविसाव्या फोटोला तिचं हसू थांबलं. दुकानात दिवसाला पन्नास बायकांचे फॉर्म ती भरायची, पतीच्या नावाचा रकाना तिला बोटांनी पाठ होता. पण आपल्या भावजयीला पाच वर्षांत त्या रकान्याशेजारी एकदाही उभं राहायला मिळालेलं नाही, हे तिच्या आज ध्यानात आलं.

"आई, सगळ्या फोटोत तूच हाय मधी," ती म्हणाली.

"मला बोलवत व्हते म्हणून जायची," भामाबाई म्हणाल्या. "आन एखादं लेकरू असतं तर हे फोटो कामून लागले असते? पुरावा मांडीवर खेळला असता."

करुणा उठली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. चहा कुणी मागितला नव्हता.

आधणाला बुडबुडे येईपर्यंत करुणा ओट्याशी उभी राहिली. मूल नसल्याचं बोलणं ऐकायची तिला सवय झाली होती. तिला टोचत होतं ते दुसरंच. पत्र आलं त्या दिवशी ती हसली होती खरी, पण नंतर ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही. परत गृहस्थ झाल्याची नोंद कुठंच नाही. चार-सहा महिन्यांपासून प्रणयचं बोलणंच तसं झालं होतं. थंडीचं विचारलं तर म्हणायचा, सगळं अनित्य आहे. तिला वाटायचं, अहो, पण थंडीचं काय? अर्जाची सगळी घाई आण्णांची, म्हणजे सासऱ्यांची. मुलगा-सून दोघं परदेशी, हे त्यांना विहारात सांगायचं होतं. प्रणयनं लागतील ते कागद मोनिकाला मेलनं पाठवले, वेळेवर आणि बिनचूक. 'तू ये' असं मात्र त्यानं एकदाही म्हटलं नव्हतं. आपला नवरा त्या दहा दिवसांतून खरंच परतला का, हे नॉर्वेनं विचारलं होतं आणि तिला स्वतःलाही तेच विचारायचं होतं.

ती कप घेऊन बाहेर आली, तेव्हा मोनिकानं तिचा फोन मागितला. दोघांमधलं बोलणं, मेसेज, हेसुद्धा पुराव्यात धरतात. करुणानं फोन दिला. मोनिका वर सरकवत गेली, तसतसा तिचा आवाज बारीक होत गेला. पोहोचलो. जेवलो. आज बर्फ. आईला गोळ्या दे. दर रविवारी सकाळी कमळाचं चित्र आणि सब्ब सत्तांना, म्हणजे सगळ्या जिवांना, सुखी होण्याची सदिच्छा, जी त्यानं त्याच मिनिटाला विहाराच्या ग्रुपवरही टाकलेली असायची.

"हे तर मलाबी येतं," सांडू म्हणाला. मग त्यालाच ते बरं वाटलं नाही. कप खाली ठेवून तो सुनेकडं वळला. "पोरी, एक सांग. हे सगळे तुला धाडायला बसलेत. तुला जायचं हाय का?"

तिला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. करुणानं सासऱ्यांकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं.

"जायचंय काका," ती म्हणाली. "पण त्यांनी ये म्हणलेलं नाय. नुसत्या कागदावर जाऊन काय करू?"

कचरूंनी लगेच प्रणयला फोन लावला. तिकडं अजून सकाळ होती, रविवारचा पोरांचा वर्ग चालू होता, मागं गलका ऐकू येत होता. प्रणय घाईत होता. कचरूंनी थोडक्यात अडचण सांगितली. तो म्हणाला, तुम्ही ठरवाल तसं करा आण्णा, मी नंतर बोलतो. फोन बंद झाला. स्पीकर चालू असल्यामुळं सगळ्यांनी सगळं ऐकलं, आणि ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतं हेही सगळ्यांनी ऐकलं.

भामाबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. करुणा कप गोळा करत होती, एकावर एक, आवाज न करता. हिला हुंदका येतोय आणि ही तो कपांवर लक्ष ठेवून दाबतेय, हे भामाबाईंना पाठीमागूनही कळलं. त्यांनी स्वतः सासरी तेच केलं होतं, फक्त त्या वेळी कप पितळेचे होते. पोरगा बांधून ठेवायला म्हणून आपण जिला दावं केलं, तिचंच कुणी विचारेना झालंय, हे त्यांना एकदम फार वाईट वाटलं. मधोमध उभं राहायची हौस त्यांना होती, ते त्या नाकारत नव्हत्या. पण मध्ये उभं राहता राहता दोन्ही बाजूंचे सुटून जातील, असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

त्या उठल्या. खुर्चीवर चढल्या. सांडू आधाराला धावला, त्याला त्यांनी हातानंच परत बसवलं. प्रणयची तसबीर त्यांनी भिंतीवरून काढली, जमिनीवर पालथी घातली आणि म्हणाल्या, "पेचकस दे रे."

"वहिनी, काय करायल्या?"

"फ्रेम ल्हान मिळाली व्हती," भामाबाई म्हणाल्या. पाच वर्षांत ही माहिती त्यांनी पहिल्यांदाच दिली.

मागचा पुठ्ठा निघाला. फोटोचा उजवा भाग आत दुमडून ठेवला होता. त्यांनी घडी उलगडून तळहातानं सपाट केली. घडीच्या पलीकडं करुणा उभी होती. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, काखेत भाताचं पातेलं, नवी नवरी. अजिंठ्याच्या रस्त्यावरच्या विहारात शिबिराच्या नवव्या दिवशी नातेवाईक भोजनदानाला गेले होते, तेव्हाचा सांडूनं मोबाइलवर काढलेला आणि मोनिकाच्या दुकानात छापलेला फोटो. ती पळीनं पात्रात भात वाढत होती, आणि धम्माकडं पाहणारा प्रणय सरळ तिच्या तोंडाकडं पाहत होता.

"हात तर तिचाच व्हता," भामाबाई म्हणाल्या.

पाच वर्षांतला, दोघंच असलेला, हा एकमेव फोटो. आता याहून वाईट पुरावा नॉर्वेला देता आला नसता, कारण त्यात नवरा संन्यासी होता आणि बायको त्याला भिक्षा घालत होती. आणि याहून चांगला पुरावाही देता आला नसता, हे तो फोटो पाहणाऱ्या कुणालाही कळलं असतं. कचरूंनी चष्मा चढवला आणि पहिली हरकत घेतली: नजर वर आहे. श्रामणेराची नजर वर असायला नको होती. सांडू म्हणाला, नजर वर हाय म्हणून तर कामाचा.

मोनिकानं वाद घातला नाही. ती बाजू बदलून मोकळी झाली होती. तिनं करुणाच्या फोनवरच फोटोचा फोटो काढला आणि प्रणयला पाठवला. खाली लिहिलं, अर्जासोबत द्यायचा आहे, हा कुठला, केव्हाचा, काय चाललंय ते तुझ्या शब्दांत लिही, दोघांचंही लागतं. तिनं फोन चटईवर ठेवला. करुणा फोनपासून लांब, भिंतीशी बसून राहिली. तिला भीती वाटत होती, की आता कमळ येईल.

पंधरा मिनिटं काहीच आलं नाही. वर्ग सुटला असावा. मग फोन वाजला. चष्मा कचरूंच्या डोळ्यांवर होता, म्हणून मोनिकानं फोन त्यांच्याकडं दिला. आणि कागद हातात आला की आधी मोठ्यानं वाचायचं, समजून मागाहून घ्यायचं, या एकतीस वर्षांच्या सवयीनं कचरूंनी फलाटावर ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं:

"करुणा, हे मोनूताईनं लिहिलंय ते कळलं, पण तुला सांगतो. भाताखाली सुकट होती. वास आला म्हणून वर बघितलं. शिबिरात कळलं असतं तर भन्तेंनी हाकललं असतं. आण्णांना सांगू नको. इथं असली सुकट मिळत नाही. येताना आण."

मग सांडूनं तोंडावर हात धरला आणि त्याचे खांदे हलायला लागले.

करुणाला सुकटीचं हसू आलं नाही, लाज वाटली नाही. नवव्या दिवशी माणूस अर्धा झालेला बघून तिच्यानं राहवलं नव्हतं. मूठभर भाजलेली सुकट, लसूण, तिखट, वरून भात थापलेला. हे दोघांतलं गुपित आजवर नुसतं पडून होतं. ती ऐकत होती ते शेवटचे दोन शब्द. येताना आण. चौदा महिन्यांत तिला हवं होतं तेवढंच, आणि ते सासऱ्यांच्या तोंडून, सगळ्यांसमोर, घोषणा झाल्यासारखं आलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही.

"शिबिरात शाकाहार असतो," कचरू म्हणाले.

"असतो की," सांडू म्हणाला.

"तरी म्हणलं त्या येळी बरणी कशी रिकामी," भामाबाई म्हणाल्या. "मी उगं मांजराला बोलले." मग त्या मोनिकाकडं वळल्या. "इमानात वास येतो तिचा. दोन दिवस ऊन दाखवून, डब्यात डबा घालून बांधावी लागंल. ते मी करते. तिला नाय जमायचं."

म्हणजे सून जाणार, हे भामाबाईंनी असं जाहीर केलं. दुसऱ्या कुठल्या शब्दांत त्यांना ते बोलता आलं नसतं.

आता सगळे कचरूंकडं पाहत होते. मोनिकानं हळूच सांगितलं, की हा मेसेज द्यायलाच हवा, यासारखा पुरावा दुसरा नाही. पण दिला, तर श्रामणेरानं नियम मोडला हेही लेखी जाईल, आणि ते विहाराच्या शिक्क्याखाली. कचरू उठले. खिडकीशी गेले, परत आले. जन्मभर त्यांनी धम्माच्या कामात एक रेघ तिरपी जाऊ दिली नव्हती. पोराच्या त्या नवव्या दिवसाबद्दल त्यांनी विहारात किती वेळा भाषण केलं होतं. मग त्यांची नजर सुनेवर गेली. ती अजून तिथंच बसली होती, ओल्या तोंडानं, आणि पहिल्यांदाच कुणाची परवानगी मागत नसल्यासारखी दिसत होती.

"मोनिका," ते म्हणाले, "सुकटीला इंग्रजीत काय म्हणत्यात?"

"वाळवलेली बारीक मासळी, असं लिहिते आण्णा."

"आन लसूण घाल. लसणाचंबी लिही. अर्धवट नको."

त्यांनी कपाटातून विहाराचं लेटरहेड काढलं, शिक्का काढला, पेन झटकून पाहिलं. पहिल्या दाखल्याला पुरवणी, असं वर लिहिलं. मोनिका म्हणाली, तारीख एकवीस मे घाला, शिबिर त्या दिवशी संपलं. कचरूंनी नकारार्थी मान हलवली. चुकीची नोंद त्यांच्या हातून जाणार नव्हती. त्यांनी करुणाला जवळ बोलावलं.

"नवव्या दिवशी वाढलंस ना तू? म्हणजे वीस मे."

"व्हय आण्णा."

"किती वाजले व्हते?"

करुणानं आठवून पाहिलं. बारानंतर श्रामणेर जेवत नाहीत, म्हणून सगळ्यांची घाई चालली होती, आणि तिचा नंबर मधोमध कुठंतरी होता.

"सव्वाअकरा असतील."

कचरूंनी खुर्ची पुढं ओढली आणि सुंदर, टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'दि. २० मे, सकाळी ११ वाजून १५ मिनिटांनी श्री. प्रणय कचरू हिवराळे हे घरी परत आले.' खाली सही केली आणि शिक्का मारला.